निरोपाचा भाग कुठं गेला?

ऑगस्ट २०१४मध्ये झी मराठीवर सुरू झालेला 'चला हवा येऊ द्या' मार्च २०२४मध्ये थांबला. तसा तो प्रहसनांचा कार्यक्रम. पण ठरलेली माणसं आणि थुकरटवाडी नावाचं ठरलेलं गाव, यामुळे लोकांनी त्याला मालिकाच मानलं. सूत्रसंचालक निलेश साबळे शेवटाआधीच बाहेर पडले होते. मग एके दिवशी ती वेळ दुसऱ्या कार्यक्रमाला गेली आणि आमच्याकडे यवतमाळात पानटपरीवर प्रश्न आला, "दहा वर्सं चालून राह्यलं होतं, काऊन बंद केलं बाप्पा?"

यवतमाळकरांच्या या चौकशीला एक खास कारण होतं. टीव्हीवरची मराठी बहुतेक मुंबई-पुण्याची. या कार्यक्रमात मात्र भारत गणेशपुरे हक्कानं वऱ्हाडी बोलत आणि अख्खा महाराष्ट्र हसत असे. त्या हसण्यात आपल्या बोलीची टिंगल नव्हती, हे इथल्या माणसाला लगेच कळलं. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली नागपूरची राधिका २०१६ ते २०२१ अशीच घरोघरी पोचली. असा कार्यक्रम बंद होतो तेव्हा करमणुकीबरोबर आपल्या बोलीचं कानावर पडणंही कमी होतं.

हसू मोजणारं यंत्र

कार्यक्रमाचं आयुष्य ठरतं टीआरपीवर. देशात हे मोजमाप 'बार्क' ही संस्था करते. निवडलेल्या घरांत टीव्हीला एक मीटर जोडलेलं असतं. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतं. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर स्वतःचं बटण असतं. टीव्हीपुढं बसलं की दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. आजीनं बटण दाबलं नाही, तर तिचं हसणं हिशेबात धरलं जात नाही.

बार्कच्या २०२०च्या अंदाजानुसार देशात सुमारे २१ कोटी घरांत टीव्ही होता. मीटर बसवलेली घरं मात्र पन्नास-पंचावन्न हजारांच्या आसपास. म्हणजे एका घराच्या आवडीवरून साधारण चार हजार घरांची आवड ठरते. नमुना पाहणीचं शास्त्र हे मान्य करतं, त्यामुळे यात फसवणूक नाही. अडचण वेगळी आहे. २०१५च्या ऑक्टोबरपर्यंत ग्रामीण भारत या मोजणीत जवळजवळ नव्हताच. २०११च्या जनगणनेनुसार यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार आणि त्यातले सुमारे ७८ टक्के लोक खेड्यातले. म्हणजे टीव्ही आला, रंगीत झाला, केबल आली, तरी इथल्या झरी-जामणीच्या खेड्यातला प्रेक्षक आकड्यात आलाच नाही. आज तो मोजला जातो, पण 'महाराष्ट्र-गोवा' या एकाच बाजारपेठेत मिसळून. इथलं मारेगाव आणि मुंबईतलं मुलुंड यांचा आकडा एकाच ओळीत येतो.

कुऱ्हाड का पडते?

आकडा घसरला की जाहिरातीच्या दहा सेकंदांचा भाव घसरतो. विनोदी कार्यक्रमात कलाकार जास्त, वेश-सेट सतत नवे, आणि दर आठवड्याला नवा मजकूर लिहिणाऱ्याची दमछाक वेगळी. उत्पन्न आणि खर्च यांचा मेळ बसेना की आधी वेळ बदलते. रात्रीची मालिका संध्याकाळी किंवा दुपारी गेली, की जाणकार समजून चुकतात: गाशा गुंडाळायची तयारी सुरू झाली. बहुतेक वेळा निर्माता भाग बनवून देतो आणि हक्क वाहिनीकडे राहतात. त्यामुळे पडदा कधी पाडायचा, हे लेखक-कलाकारांच्या हातात फारसं नसतं.

खेड्यात पडदा आणखी एका कारणानं पडतो. डीडी फ्री डिशच्या छत्रीला दरमहा पैसे लागत नाहीत, म्हणून कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या घरांना ती परवडते. १ मार्च २०१९ला झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल या वाहिन्या तिथून निघून गेल्या. परतल्या थेट जून २०२०मध्ये. मालिका जिवंत, पण फुकट छत्रीवाल्यांसाठी ती मेलेलीच!

निरोप घेण्याची रीत

निरोपाविना बंद पडणं आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत 'द जेफरसन्स' ही विनोदी मालिका १९७५ ते १९८५ अशी अकरा पर्वं आणि २५३ भाग चालली, आणि निरोपाचा भाग न होताच बंद पडली. आपल्याकडे 'साराभाई वर्सेस साराभाई' २००६मध्ये कमी टीआरपीमुळे आटोपली. पुढं पुनःप्रक्षेपणातून तिचा इतका मोठा चाहतावर्ग तयार झाला की २०१७मध्ये तिचं नवं पर्व इंटरनेटवर आलं. आकड्यानं नापास केलेली मालिका लोकांनी पास केली.

याउलट 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वर बेतलेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका लोकप्रिय असतानाच थांबली. पाणी घालून ती वाढवली नाही, म्हणून टिपऱ्यांचं घर आजही ताजं वाटतं. लवकर थांबणं हा दोष नव्हे, हे टिपऱ्यांनी दाखवून दिलं.

'चला हवा येऊ द्या' जुलै २०२५मध्ये 'कॉमेडीचं गँगवॉर' होऊन परतला. सूत्रसंचालनाला अभिजीत खांडकेकर, आणि गणेशपुरे होतेच. म्हणजे मागणी संपली नव्हती.

वाहिन्यांनी तोटा सोसून कार्यक्रम चालवावेत, असं कुणी म्हणणार नाही. पण ज्यांनी दहा-दहा वर्षं जेवणाचं ताट टीव्हीपुढं आणलं, त्यांना दोन गोष्टी मिळायलाच हव्यात: महिनाभर आधी जाहीर केलेली शेवटची तारीख आणि नीट लिहिलेला शेवटचा भाग. करारातच ही अट घातली, तर खर्च एका भागाचा आहे. एवढा खर्च वाहिन्यांनी करावा. प्रेक्षकांनी तो कधीच फेडून ठेवलाय.