कृष्णाबाईचं देऊळ पाहिलंय का?

कृष्णेच्या पाण्यावर ऊस आणि हळद पिकवणारे आपण. वाईच्या घाटावर कृष्णाबाईचा उत्सव भरतो, त्याला हौसेनं जातो. पण उगमापाशी असलेलं कृष्णाबाईचं देऊळ आपल्यापैकी किती जणांनी पाहिलं असेल?

महाबळेश्वरच्या बाजारपेठेपासून सहा-एक किलोमीटरवर क्षेत्र महाबळेश्वर आहे. महाबळेश्वराच्या आणि पंचगंगेच्या देवळात गर्दी असते. इथंच 1665 साली शिवाजी महाराजांनी जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला केली. दर्शन झालं की मंडळी स्ट्रॉबेरी घेऊन माघारी वळतात. कृष्णाबाईचं देऊळ तिथून जवळच, पायवाटेनं गेलं की लागतं. तिकडं फारसं कुणी फिरकत नाही. काळ्या दगडाचं बांधकाम, कोरीव खांब, वर नक्षीचं छत, गाभाऱ्यात शिवलिंग. गोमुखातून कुंडात पाणी पडतं आणि समोर कृष्णेचं खोरं पसरलेलं दिसतं.

पंचगंगेच्या झऱ्यांपाशी पहिलं देऊळ आणि कुंड देवगिरीच्या सिंघण यादवानं तेराव्या शतकात बांधलं, असं सांगतात. अशा जुन्या दगडी देवळाला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. खरं तर हेमाडपंत हा नंतरच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा प्रधान. अंबरनाथचं देऊळ तर 1060 सालचं, म्हणजे हेमाडपंताच्या दोनशे वर्षं आधीचं. पद्धत जुनी, नाव मागून चिकटलं.

ही पद्धत शेतकऱ्याला चटकन कळेल, कारण बांधाची ताल रचताना आपणही दगडावर दगड बसवतोच. इथं मात्र दगड घडून, खाचा पाडून एकमेकांत असे बसवतात की चुना लागत नाही. सगळा भार वजनावर तोललेला. म्हणून सांध्यातून पाणी निथळतं आणि भिंत लवकर सुकते.

घोळ होतो तो इथंच. गावोगावी जीर्णोद्धार निघतो, भक्ती खरी असते, पण सांधे सिमेंटनं बुजवतात आणि खांबांना ऑइलपेंट फासतात. मग आत शिरलेलं पाणी आतच मुरतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. महाबळेश्वरला तर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस! सांध्यातलं पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच काढावं. मूळ जाड झाल्यावर ओढलं तर दगडच हलतो. सरपंच, ग्रामसेवकांनी काम काढण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारावं, मग ठराव करावा.

आता पाण्याचं बघा. वरच्या पठारावर सच्छिद्र जांभा आहे, खाली काळा कातळ. पावसाचं पाणी जांभ्यात मुरतं, कातळाला अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर येतं. कारागिरांनी देऊळ बांधलं ते झरा पाहून. तेव्हा पठारावर जांभा खरवडला, चर काढले, तर गोमुखाची धार बारीक होणार. हा भाग 2001 साली केंद्र सरकारनं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, तो काही उगाच नाही. हेच पाणी पुढं धोम धरणात येतं आणि तिथून आपल्या पाटाला.

जायचं तर दिवाळीनंतर जावं. पावसाळ्यात फरशीवर शेवाळ असतं, पाय घसरतो.