लघुग्रहांची ऊब

मोठ्या दुर्बिणीतून पाहिले की लघुग्रह किती मोठा आहे ते कळते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बहुतेक लघुग्रह दुर्बिणीत प्रकाशाचा ठिपका म्हणूनच दिसतात. त्या ठिपक्याच्या तेजावरून आकार काढायचा तर पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो ते ठाऊक हवे, आणि नेमके तेच ठाऊक नसते. मी आकडे मांडून पाहिले. निरपेक्ष प्रत १८ असलेला लघुग्रह २५ टक्के प्रकाश परत फेकत असेल, तर त्याचा व्यास सुमारे ६७० मीटर भरतो. तो कोळशासारखा काळा, चारच टक्के परत फेकणारा निघाला, तर व्यास जवळपास १.७ किलोमीटर. व्यासात फरक अडीचपट, घनफळात पंधरापट. धडकेचा हिशेब वस्तुमानाने होतो, तेजाने नव्हे.

इथे उन्हाची ऊब कामी येते. वैशाखातल्या दुपारी चुन्याची भिंत आणि डांबरी रस्ता यांत पायाला कोणता पोळतो, हे सांगायला नको. लघुग्रह परत न फेकलेले ऊन शोषतो, तापतो आणि ती उष्णता अवरक्त किरणांतून बाहेर टाकतो. उजळ असो की काळा, बहुतेक ऊन तो शोषतोच. म्हणून त्याची अवरक्त प्रखरता रंगापेक्षा आकारावर अधिक अवलंबून असते. पृथ्वीच्या आसपासचा लघुग्रह मुख्यतः १० मायक्रॉनच्या जवळपास प्रारणे टाकतो. पण त्याच तरंगलांबीवर आपले वातावरण आणि खुद्द दुर्बीणही प्रारणे टाकत असते. भरदुपारी चांदण्या मोजण्यासारखेच ते. म्हणून दुर्बीण अवकाशात न्यायची आणि गारठवायची.

१९८३ साली ‘आयरास’ने हे केले. द्रव हेलियम संपेपर्यंत, म्हणजे जेमतेम दहा महिने, ती दुर्बीण चालली. तिच्या नोंदींत सायमन ग्रीन आणि जॉन डेव्हिस यांना फेथॉन सापडला. डिसेंबरात मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव याच्याच कक्षेतल्या धुळीचा, हे फ्रेड व्हिपल यांनी दाखवले. असा वर्षाव धूमकेतूंचाच असतो, असे तोवर मानले जाई.

पुढे १४ डिसेंबर २००९ रोजी ४० सेंटिमीटर आरशाची ‘वाइज’ निघाली. ती दर ११ सेकंदांनी एक छायाचित्र घेई. तारे जागच्या जागी राहत, लघुग्रह सरकलेला दिसे. २०१० मध्ये शीतकारक संपले, तरी दोन लघु तरंगलांबींचे पट्टे चालू राहिले. २०११ मध्ये निजवलेली दुर्बीण २०१३ मध्ये ‘निओवाइज’ म्हणून जागी केली गेली आणि ऑगस्ट २०२४ पर्यंत राबली. २०२० च्या ऐन पावसाळ्यात आलेला निओवाइज धूमकेतू तिचाच.

तिने दिलेल्या व्यासांवर मायक्रोसॉफ्टचे माजी तंत्रप्रमुख नेथन मिरव्होल्ड यांनी जाहीर आक्षेप घेतले आणि संशोधक गटाने ते फेटाळले. त्या वादातल्या निकालापेक्षा मला प्रश्न मोलाचा वाटतो. हे व्यास थेट मोजलेले नसतात. गोल आकार, विशिष्ट तापमान-वाटणी अशी गृहीतके धरून ते काढलेले असतात. बाहेरच्या माणसाने ती तपासायला मागितली तर गैर काय?

कारण आकड्यांवर धोरण उभे असते. १४० मीटरांहून मोठ्या पृथ्वीनिकट वस्तूंपैकी ९० टक्के २०२० पर्यंत शोधाव्यात, असे अमेरिकी काँग्रेसने २००५ साली ठरवले. मुदत उलटली तेव्हा निम्म्याही हाती आल्या नव्हत्या. शिवाय दृश्य प्रकाशात १४० मीटर म्हणजे प्रत २२, असे धरतात. त्यात परावर्तन १४ टक्के गृहीत आहे; चार टक्केच असेल, तर तीच वस्तू २६५ मीटरांची.

आता ‘निओ सर्व्हेयर’ची तयारी चालू आहे. ५० सेंटिमीटरची ही दुर्बीण पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर राहील आणि पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या जवळ दिसणारे आकाशही तपासेल. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे २० मीटरांचा दगड सूर्याच्याच बाजूने आला होता, आणि तो येण्याआधी कोणालाही दिसला नव्हता.