दहावीतली नकल आणि पुढचा प्रवेशअर्ज

एनडीएच्या अर्जावर बोललो, त्या भागानंतर बऱ्याच पालकांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. मुलगा दहावीत कॉपी करताना सापडला होता, आता बारावी झाली. पुढच्या कॉलेजला ते कळतं का? आणि कळलं तर प्रवेश जातो का?

आमच्या जबलपूरकडे कॉपीला नकल म्हणतात आणि पकडलं गेलं की 'नकल प्रकरण' झालं म्हणतात. 'प्रकरण' हा शब्द ध्यानात ठेवा. सगळा फरक तिथेच आहे.

शाळेच्या चाचणीत मुलाच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली, मुख्याध्यापकांनी तुम्हाला बोलावून चार गोष्टी ऐकवल्या, तर ते प्रकरण नव्हे. अशा गोष्टींची देशात कुठेही एकत्र नोंद होत नाही. आपल्याकडचे बहुतेक प्रवेश गुणांवर नाहीतर प्रवेशपरीक्षेवर होतात, तिथे हे कोणी विचारत नाही. फार तर शाळा सोडल्याच्या दाखल्यात वर्तणुकीचा रकाना असतो, आणि तिथे बहुतेक शाळा 'चांगली' एवढंच लिहितात. तेव्हा या कारणासाठी रात्रीची झोप घालवू नका. मुलाला मात्र झोपू देऊ नका, अभ्यासाला बसवा.

मंडळाच्या परीक्षेत सापडलं तर गोष्ट वेगळी. केंद्रावर कागद तयार होतात, उत्तरपत्रिका ताब्यात जाते, मुलाचं लेखी म्हणणं घेतात, निकाल राखून ठेवतात. मग समिती ठरवते : त्या विषयाचा निकाल रद्द, की पूर्ण परीक्षेचा, की पुढच्या परीक्षेलाही बंदी. इथे पालक हमखास एक गोष्ट विसरतात. मुलाला आपली बाजू मांडायचा हक्क आहे. उत्तर प्रदेश बोर्डाने इंटरच्या तिघा विद्यार्थ्यांचे निकाल त्यांचं म्हणणं न ऐकताच रद्द केले होते. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा वेळी समितीचं काम न्यायदानासारखं असतं, म्हणून ऐकून घ्यावंच लागेल. पुढे १९७० मध्ये बिहारच्या खटल्यात त्याच न्यायालयाने याला अपवाद सांगितला. अख्ख्या केंद्रावर सामूहिक नकल झाली असेल, तर एकेकाला बोलावून ऐकायची गरज नाही, पूर्ण केंद्राची परीक्षा रद्द होऊ शकते. म्हणून 'आमच्या सेंटरला सगळे करतात' हे समर्थन जबाबात लिहू नका. त्याने मुलाची बाजू उलट दुबळी होते.

महाराष्ट्रातलं एक प्रकरण पालकांनी जरूर समजून घ्यावं. मार्च १९९० ची दहावीची परीक्षा. नियामकांच्या गुणपत्रकांत खाडाखोड झाल्याचं आढळलं आणि २८३ मुलांचे निकाल अडकले. खाडाखोड झाली हे नाकारायला जागा नव्हती. मुलांचं म्हणणं एवढंच, की ती आम्ही केली नाही. मंडळाने निकाल रद्द केले. उच्च न्यायालयात मुलं जिंकली, पण १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचा निर्णय उचलून धरला. अशा चौकशीत फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा लागत नाही, सगळी परिस्थिती पाहून जे अधिक संभवनीय दिसतं त्यावर निर्णय देता येतो, असं न्यायालयाचं मत पडलं. हा धडा मुलांपेक्षा बापांसाठी आहे. सोळा वर्षांचं पोर नियामकाच्या कागदापर्यंत एकटं पोचत नाही.

शिक्षा भोगून, पुन्हा परीक्षा देऊन मुलगा पास झाला, की तो पास. दहा वर्षं मागे ओढणारा नियम नाही. खूण राहते ती वर्षाची. कॉलेज विचारतं की हे मधलं वर्ष कुठे गेलं, आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्र मागतं. इथे लोक आजारपणाचं खोटं सर्टिफिकेट जोडतात. जुनं प्रकरण संपलेलं असतं, हे नवीन सुरू होतं, आणि आता मुलगा अठरा वर्षांचा झालेला असतो.

खोट्यावर उभा राहिलेला प्रवेश किती उशिरा कोसळू शकतो, हे आम्हा मध्य प्रदेशवाल्यांना कोणी शिकवायला नको. व्यापमं. २०१३ च्या जुलैत इंदूरला पीएमटी देणारे तोतये पकडले गेले आणि धागा उलगडत गेला. पद्धतीचं नावच 'इंजन-बोगी' : पुढे बसवलेला हुशार उमेदवार इंजन, मागचा पैसे दिलेला बोगी. २००८ ते २०१२ या वर्षांतले ६३४ एमबीबीएस प्रवेश रद्द झाले. आमच्या जबलपूरच्या उच्च न्यायालयाने ते रद्द करणं कायम ठेवलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्यायमूर्ती चेलमेश्वर यांचं म्हणणं होतं की शिक्षण वाया घालवू नये. या मुलांनी डॉक्टर झाल्यावर पाच वर्षं नियमित पगाराशिवाय देशाची सेवा करावी, आणि ती सशस्त्र दलांत केली तर अधिक बरं. न्यायमूर्ती सप्रे यांना हे मान्य नव्हतं. शेवटी १३ फेब्रुवारी २०१७ रोजी सरन्यायाधीश खेहर यांच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दया दाखवायला नकार दिला. काही जणांचं शिक्षण तोवर पूर्ण झालेलं होतं.

चेलमेश्वर साहेबांच्या सूचनेमागचा उदारपणा मला कळतो. तरी फौजी म्हणून सांगतो, ती मला पटली नाही. सेना प्रायश्चित्ताची जागा नव्हे. जखमी जवानाला डॉक्टर निवडता येत नाही, समोर येईल त्याच्यावर तो विश्वास टाकतो.

त्याच मंडळाकडे, आता नाव बदललेल्या, पीएटी ही कृषी प्रवेशपरीक्षा आहे. आमच्या अधारतालच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात बी.एस्सी. अ‍ॅग्रिकल्चरला जाणारी मुलं तीच देतात. देशपातळीवर जेईई, नीट घेणाऱ्या एनटीएच्या माहितीपुस्तिकेत गैरप्रकाराला तीन वर्षांच्या बंदीची तरतूद असते. ती वाचा. २०२४ चा केंद्राचा नवा कायदा मुख्यतः पेपर फोडणाऱ्या टोळ्यांसाठी आहे. त्यात तीन ते पाच वर्षं कैद आहे, टोळीने केलं तर पाच ते दहा वर्षं आणि किमान एक कोटी दंड. दहावी-बारावीच्या परीक्षा त्याच्या यादीत नाहीत. पण मध्य प्रदेशात १९३७ चा परीक्षा अधिनियम आहे आणि महाराष्ट्रात १९८२ चा, तेव्हा गुन्हा नोंदवला जाऊच शकत नाही असं समजू नका.

कॉलेजपेक्षा कडक प्रश्न सरकारी नोकरी आणि फौजेच्या पडताळणी अर्जात येतो. तुम्हाला कुठल्या विद्यापीठाने किंवा शिक्षणसंस्थेने परीक्षेला बसण्यास बंदी केली आहे का, काढून टाकलं आहे का, असं त्यात थेट विचारतात. आणि माहिती लपवणं हीच अपात्रता, हे तिथेच छापलेलं असतं. २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस प्रकरणं लपवण्याबद्दल सविस्तर सांगितलं आहे. तरुण वयातली किरकोळ गोष्ट असेल तर नियोक्ता ती सोडून देऊ शकतो, पण माहिती खरी द्यावीच लागते. शिवाय अठराच्या आत घडलेल्या गुन्ह्यामुळे पुढे अपात्रता चिकटू नये, अशी तरतूद २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. पोलीस प्रकरण असेल तर अर्ज भरण्याआधी वकिलाला हे कलम दाखवा.

परदेशाचं वेगळं. अमेरिकेत अनेक कॉलेजांना एकाच अर्जाने जोडणाऱ्या कॉमन अ‍ॅपने शाळेतल्या शिस्तभंगाचा प्रश्न २०२१-२२ पासून सामाईक भागातून काढला, पण एखादं कॉलेज स्वतःच्या भागात तो विचारू शकतं. शिक्षकांची शिफारसपत्रंही जातात. तुम्ही 'नाही' लिहिलं आणि शाळेच्या कागदात वेगळं आलं, तर काय होईल ते मी सांगायला नको. ब्रिटनमध्ये यूकॅस विद्यार्थ्याच्या निवेदनाची इतरांच्या निवेदनांशी तुलना करून साम्य शोधतं आणि विद्यापीठाला कळवतं, म्हणजे जुनी सवय अर्जातच पकडली जाते.

आता हाताशी काय ठेवायचं? मंडळाचा निर्णय लेखी घ्या. त्यावरची तारीख, शिक्षेची मुदत आणि पुढच्या परीक्षेची गुणपत्रिका एका फाइलमध्ये लावा, दोन-दोन प्रती काढून. अर्जातला प्रश्न शब्द न् शब्द वाचा. 'बंदी झाली होती का' आणि 'सध्या बंदी आहे का' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जे विचारलेलं नाही त्याची कहाणी लिहायची गरज नाही. विचारलं असेल तर तीन ओळी पुरेत : कोणत्या परीक्षेत काय घडलं, मंडळाने काय शिक्षा दिली, ती कधी संपली आणि नंतर कोणत्या वर्षी पास झालो. त्या तीन ओळी मुलाने स्वतःच्या हाताने लिहाव्यात. मुलाखतीत समोरचा त्यावरच बोट ठेवणार आहे, आणि तिथे उत्तर द्यायला बाप नसतो.