अठरा दिवस आणि एकतीस कोटी विटा

माहीम सोडून लोकल वांद्र्याकडे निघाली की खाडीवर डब्यातले निम्मे हात आपोआप नाकाशी जातात. कुणी पदर धरतं, कुणी रुमाल, कुणी श्वासच रोखून बसतं. फार तर एक मिनिट. मग वांद्रे येतं आणि सगळे विसरून जातात. आता हे एक मिनिट ताणून बघा. तासभर. दिवसभर. आठवडेच्या आठवडे. खाडीच्या जागी एक सबंध नदी घ्या. तिच्या दोन्ही काठांवर २५ लाखांहून जास्त माणसं वसवा. आणि या सगळ्यांच्या पोटातून, मोरीतून, कत्तलखान्यांतून, कातड्याच्या कारखान्यांतून जे जे बाहेर पडतं, ते सगळं त्या नदीत सोडा. वरून सावलीत ३५ अंशांचं ऊन. चंद्रपूरकरांना ३५ अंश म्हणजे गारवा वाटेल, पण भरती-ओहोटीबरोबर तीच घाण पुन्हा पुन्हा शहरात आणणाऱ्या थेम्सला तेवढी आच पुरेशी होती.

हे लंडन. साल १८५८, महिना जून. इतिहासात याचं नाव ‘ग्रेट स्टिंक’, महादुर्गंधी.

तो आठवडाच विलक्षण होता. १४ जूनला आपल्याकडे खंडाळा ते पुणे आगगाडी सुरू झाली. मधला बोरघाट अजून पालखीने किंवा तट्टावरून ओलांडायचा होता, तरी मुंबई-पुणे हा शब्द रुळांवर आला. १६ जूनला लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो वारले. कॉलरा वासातून येत नाही, पाण्यातून येतो, हे सांगून सांगून थकलेला हा माणूस. १७-१८ जूनला ग्वाल्हेरजवळ राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. आणि ज्या पार्लमेंटच्या साम्राज्याशी त्या लढत होत्या, त्या पार्लमेंटचे सभासद त्याच दिवसांत नाकाला रुमाल लावून दालनातून बाहेर पळत होते. पार्लमेंटची नवी इमारत अगदी नदीला खेटून उभी! अर्थमंत्री डिझरायली हातात कागद आणि नाकावर रुमाल अशा अवस्थेत बाहेर पडले. सरकारचा कारभार ऑक्सफर्डला न्यावा का, यावर गंभीरपणे बोललं जाऊ लागलं.

एवढी घाण नदीत आली कुठून? पूर्वी लंडनच्या घरांखाली मैल्याचे खड्डे असत. किती? दोन लाख! १८४८ नंतर ते बुजवायचं ठरलं आणि एकामागून एक बुजवलेही जाऊ लागले. पण खड्डा बुजला तरी मैला थोडाच थांबतो? तो गटारांत गेला, गटारं नदीत. त्यात पाण्याने धुतले जाणारे नवे संडास लोकांना भलतेच आवडू लागले. १८५१ च्या जंगी प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज यांनी असे संडास मांडले होते, आत जायला एक पेनी. किती जणांनी पेनी मोजली? ८ लाख २७ हजार २८०! प्रत्येक जण साखळी ओढतो आणि बादलीभर पाणी थेम्सच्या दिशेने धावतं, असं चित्र डोळ्यांसमोर आणा, आणि मग ते लाखो घरांनी गुणा.

१८५५ च्या जुलैमध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे थेम्सवर बोटीतून जाताना पांढऱ्या कार्डाचे तुकडे पाण्यात टाकत गेले. एक इंच. तुकडा एक इंच खाली जाण्याआधीच दिसेनासा होई, तेही लख्ख उन्हात. आपल्या बोटाचं एक पेर पाण्यात बुडवलं तर नख दिसणार नाही, इतकं गढूळ. आणि हेच पाणी अनेक घरांत प्यायलं जात होतं.

त्याची किंमतही आकड्यांत आहे. १८३२ च्या सुमाराच्या पहिल्या साथीत कॉलऱ्याने ६,५३६ बळी घेतले. १८४८-४९ मध्ये १४,१३७. १८५३-५४ मध्ये १०,७३८. बेरीज ३१,४११. खच्चून भरलेलं वानखेडे स्टेडियम आठवा. एकेका खुर्चीवर एकेक माणूस. मग सगळ्या खुर्च्या रिकाम्या. हा आकडा लिहिताना माझा हात थांबतो, कारण एवढी माणसं जाऊनही पार्लमेंट हललं नव्हतं. ते हललं वासाने.

आधी हाताशी होतं तेच केलं. पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइमच्या पाण्यात भिजवून टांगले. आपल्या गावोगावच्या विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतात, तिची ही थेट आजी. पडदे भिजवून वास थांबेना. मग नदीवर धावले. गटारांच्या तोंडाशी रोज २०० ते २५० टन चुना ओतायला सुरुवात झाली. रोज! साखर कारखान्याच्या फाटकावर उसाच्या बैलगाड्यांची रांग पाहिली आहे ना? गाडीमागे एक टन धरला तर अडीचशे गाड्या, दीड किलोमीटरची रांग, आणि सगळी चुन्याची. आज आली, ओतली. उद्या पुन्हा तेवढीच. ओहोटी लागली की माणसं फावडी घेऊन चिखलात उतरत आणि उघड्या पडलेल्या काठावर चुना पसरत. खर्च आठवड्याला १,५०० पौंड. तेव्हा एक पौंड म्हणजे साधारण १० रुपये, म्हणजे १५ हजार रुपये. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायाला महिन्याला ७ रुपये मिळत. दर आठवड्याला दोन हजारांवर शिपायांचा महिन्याचा पगार नदीत!

शेवटी १५ जुलैला डिझरायलींनी थेम्स साफ करण्याचं विधेयक मांडलं. २ ऑगस्टला कायदा झाला. अठरा दिवस! पहिल्या कॉलऱ्यापासून मोजले तर साडेनऊ हजार दिवस हेच काम तुंबून होतं. साडेनऊ हजार दिवसांचा अडसर अठरा दिवसांत निघाला, पाचशेपट वेगाने. आणि तारीख पुन्हा वाचा: २ ऑगस्ट १८५८. त्याच दिवशी, त्याच पार्लमेंटचा आणखी एक कायदा मंजूर झाला, ज्याने हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून काढून इंग्लंडच्या राणीच्या हाती दिला. एका तारखेला लंडनची गटारं आणि आपला सगळा देश. हा योग मला जितक्या वेळा आठवतो तितक्या वेळा अंगावर काटा येतो.

गटारांसाठी मंजूर झाले ३० लाख पौंड. तेव्हाचे ३ कोटी रुपये. साडेतीन लाख शिपायांचा वर्षभराचा पगार!

आणि आता खरी गंमत सुरू होते, कारण हे पैसे जोसेफ बॅझलजेट नावाच्या इंजिनिअरच्या हाती आले. त्यांचा आराखडा काही वर्षं लाल फितीत पडून होता. कल्पना साधी होती: नदीला आडवी येणारी गटारं नदीआधीच अडवायची आणि सगळी घाण पूर्वेला, शहराबाहेर न्यायची. मुख्य वाहिन्या १३२ किलोमीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत लोणावळ्याच्या बाजूला यावं, इतकं लांब विटांचं भुयार, आणि वर चालतंबोलतं शहर. त्यांना मिळणारी रस्त्यांखालची गटारं आणखी १,७७० किलोमीटर. मुंबई-पुणे रेल्वेच्या नऊ फेऱ्या. मुंबईहून दिल्ली गाठूनही पावणेचारशे किलोमीटर उरतात!

उतार किती? मैलाला कमीत कमी दोन फूट. आपल्या बोरघाटात रेल्वे मैलाला शंभर फुटांहून जास्त चढते. इथे दोन फूट, म्हणजे खुर्चीच्या बैठकीहून थोडं जास्त, तेही मैलभर चालल्यावर. एवढ्याशा उतारावर पाणी आपल्या पायांनी चालत राहावं, म्हणून विटेवर वीट किती नेमकी बसली असेल!

विटा. आता श्वास घ्या. ३१ कोटी ८० लाख. टोकाला टोक लावून मांडल्या तर ७२ हजार किलोमीटर. पृथ्वीला एक पूर्ण वळसा घालून तीन-चतुर्थांशाहून जास्त दुसरा. डेक्कन क्वीनचा पासधारक रोज मुंबईला जाऊन-येऊन सहा महिने करतो तेवढा प्रवास, आणि पावला-पावलाला वीट. एक वीट तीन किलोची धरली आणि दहा टनी ट्रकांत भरली तर पंचाण्णव हजार ट्रक. एकामागे एक उभे केले तर समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर भरून जातात, नागपूर मागे पडतं आणि रांग रायपूरच्या वाटेला लागते. एका गवंड्याने सेकंदाला एक वीट लावली, दिवस-रात्र, सणवार न पाळता, जेवायलाही न उठता, तर त्याला दहा वर्षं लागतील!

माती उपसली ३५ लाख घनयार्ड. आपली नेहमीची विहीर घ्या, ४० फूट खोल, २० फूट व्यासाची. अशा साडेसात हजार विहिरी खणाव्यात एवढी माती. काँक्रीट आणि चुना-सिमेंटचा माल एवढा, की तशा जवळजवळ एकोणीसशे विहिरी काठोकाठ भरतील.

आणि ती घाण वर उचलायची होती. ४ एप्रिल १८६५ ला क्रॉसनेसचं पंपघर सुरू झालं. चार वाफेची इंजिनं. प्रत्येकाचं गतिचक्र ५२ टनांचं, चार-चार टनांचे तेरा हत्ती एकाच चाकात ओतावेत तसं. त्याची तुळई ४७ टनांची. मिनिटाला अकरा फेरे, प्रत्येक फेऱ्याला सहा टन पाणी वर. चारही इंजिनं चालली की मिनिटाला २६४ टन! दहा हजार लिटरचे टँकर धरले तर मिनिटाला सव्वीस. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत तीन-चार टँकर गेले. आपली ती ४० फुटी विहीर दीड मिनिटाच्या आत कोरडी!

वाहिन्यांबरोबर नदीकाठचे बांधही झाले. त्यातून ५२ एकर नवी जमीन निघाली. गुंठ्यात सांगायचं तर २,०८० गुंठे, जवळजवळ दोन शिवाजी पार्क, आणि तेही लंडनच्या मध्यावर.

एक आकडा मात्र झाकून ठेवणार नाही. घाण शहराबाहेर गेली, पण तिथेही ती तशीच, कच्ची, ओहोटीबरोबर नदीतच सोडली जात होती. ३ सप्टेंबर १८७८ च्या संध्याकाळी ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ ही प्रवासी बोट नेमकी तिथे बुडाली. तासाभरापूर्वीच साडेसात कोटी गॅलन मैला सोडला होता. आपल्या मापाने साडेनऊशे विहिरी. साडेसहाशेच्या आसपास माणसं गेली, त्यांत बायका-मुलं कितीतरी. त्यानंतर कुठे मैल्यावर प्रक्रिया करण्याचा विचार पुढे सरकला.

कॉलरा पुन्हा आला तो १८६६ साली. बॅझलजेट यांच्या वाहिन्या जिथे चालू झाल्या होत्या, तो भाग जवळपास सुटला. पूर्व लंडनचं काम अपुरं होतं. तिथे ५,५९६ माणसं गेली. मग तेही काम पुरं झालं. १८९२ मध्ये समुद्रापलीकडे हॅम्बर्गला कॉलऱ्याने आठ हजारांवर बळी घेतले, तेव्हा लंडनमध्ये साथ आली नाही. ६,५३६. १४,१३७. १०,७३८. ५,५९६. या रांगेत पाचवा आकडा लंडनला लिहावाच लागला नाही.