कोटजाईकाठचा विहार : पन्हाळेकाजी

रत्नागिरी जिल्ह्यात सहलीस येणारी आपली कुटुंबे बहुधा समुद्रकिनारा पाहूनच परततात. दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजी मात्र आतल्या अंगाला, कोटजाई आणि धाकटी या नद्यांच्या संगमापाशी, डोंगरांनी वेढलेल्या खोल दरीत आहे. येथे २९ लेणी आहेत. गर्द झाडी, खाली वाहते पाणी आणि कातळात कोरलेल्या लहान लहान खोल्या पाहिल्या की, भिक्षूंनी वर्षावासासाठी हे स्थान का निवडले, हे निराळे सांगावे लागत नाही. चातुर्मासाची परंपरा जपणाऱ्या आपल्या घरांना तर नाहीच.

प्रारंभी येथे हीनयान बौद्ध भिक्षू राहिले. पुढे वज्रयान पंथ आला. दहाव्या लेण्यातील महाचंडरोषणाची मूर्ती त्याची साक्ष देते. त्यानंतर शैव, गाणपत्य आणि नाथपंथीय उपासकांनी याच कातळाचा आश्रय घेतला. एकोणतिसावे लेणे नाथपंथाचे असून ते इतरांपासून काहीसे दूर आहे. तेवढ्यासाठी ते टाळू नये. शिलाहारांच्या ११३९ सालच्या ताम्रपटातील ‘प्रणालक’ ते हेच, असे पुरातत्त्ववेत्ते म. न. देशपांडे यांनी दाखवून दिले.

साधूंना निवारा मिळे तो गृहस्थांच्या दानातून. कान्हेरी-कार्ल्याच्या शिलालेखांत अशा दात्या व्यापाऱ्यांची नावे आजही वाचता येतात. आपण मात्र तेथे जाऊन भिंतींवर स्वतःची नावे कोरू नयेत. दीपावलीनंतर जावे, पावसाळ्यात पायवाट निसरडी असते आणि पावलागणिक जीवजंतू असतात.