थर कोणाचा, नाव कोणाचे?

वेफर्सचे पाकीट फोडले की आतल्या बाजूला चांदीसारखा चकचकीत मुलामा दिसतो. तो चांदीचा नसतो, ॲल्युमिनियमचा असतो. त्याची जाडी असते साधारण तीस ते पन्नास नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस अंदाजे ऐंशी हजार नॅनोमीटर जाड भरतो. म्हणजे त्या पाकिटावर ॲल्युमिनियमचे जेमतेम शंभर-दीडशे अणू एकावर एक बसलेले असतात आणि तेवढ्यावर आतले वेफर्स दमट होत नाहीत.

पूर्वी गल्लीत कल्हईवाला यायचा. भाता लावून पातेले तापवायचे, नवसागर टाकायचा, कथील लावायचे आणि कापसाच्या बोळ्याने फिरवायचे. तोही धातूचा थरच, पण पाकिटातल्या थराच्या मानाने कितीतरी जाड. हा अतिपातळ थर बसवण्यासाठी निर्वात पात्रात धातू तापवून त्याची वाफ करतात. वाफेतले अणू समोरच्या पृष्ठभागावर पावसासारखे येऊन पडतात. आरसे, गॉगल, सीडी, संगणकातल्या चिप, सगळीकडे असे थर असतात. आपल्या सातारा, सांगली, कोल्हापूर भागाला हा विषय परका नाही. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. महागडी निर्वात यंत्रे न वापरता रासायनिक द्रावणातून थर बसवण्याच्या स्वस्त पद्धतींसाठी तिथली प्रयोगशाळा ओळखली जाते.

आता प्रश्न असा, की पडलेला अणू पुढे करतो काय? तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून संशोधक संगणकावर लुटुपुटूचा प्रयोग करतात. त्याला सिम्युलेशन म्हणतात. याची छोटी आवृत्ती तुम्ही घरीही करून पाहू शकता. चौकटीची वही घ्या. तळाच्या ओळीत सहा घरे आखून त्यांना एक ते सहा आकडे द्या. ल्युडोचा फासा टाका. जो आकडा येईल, त्या घरावर एक चौकट रंगवा. तोच आकडा पुन्हा आला, की तिच्यावर दुसरी. साठ वेळा फासा टाकला, की प्रत्येक रांगेत सरासरी दहा चौकटी होतील. पण प्रत्यक्षात एखादी रांग चौदापर्यंत गेलेली असेल, तर एखादी सहावरच थांबलेली असेल. हा झाला खडबडीत थर.

आता नियम बदला. चौकट रंगवण्याआधी शेजारच्या दोन रांगांकडे पाहा. त्यातली एखादी कमी उंचीची असेल, तर अणू तिकडे घसरला असे समजून तिथे रंगवा. पुन्हा साठ वेळा फासा टाका. या वेळी थर बराच सपाट झालेला दिसेल. फासा तोच, अणूंची संख्याही तीच. फक्त पडल्यावर हलायची मुभा दिली. खऱ्या थरात ही मुभा उष्णतेमुळे मिळते. पृष्ठभाग थंड असेल, तर अणू पडतो तिथेच चिकटतो आणि थर ओबडधोबड होतो. पृष्ठभाग गरम असेल, तर तो हिंडून आपली जागा शोधतो.

धातूंची आणखी एक गंमत आहे. काचेवर चांदीचे अणू पडले, तर त्यांना काचेपेक्षा एकमेकांची ओढ जास्त असते. म्हणून सुरुवातीला सलग थर होत नाही, छोटी छोटी बेटे होतात. बेटे सुटी आहेत तोवर त्यातून वीज नीट वाहत नाही. ती वाढून एकमेकांना भिडली, की वाहू लागते. यात जे बेट आधी तयार झाले, त्याला फायदा असतो. आजूबाजूला भटकणारे अणू त्यालाच जाऊन मिळतात. नवे बेट सुरू होणे अवघड होत जाते.

हे सगळे मी पुस्तकात वाचले होते, पण कळले एका विद्यार्थ्यामुळे. १९९८ सालची गोष्ट. मी साताऱ्यात भौतिकशास्त्र शिकवत होतो. चांदीच्या थराचे सिम्युलेशन करायचे ठरवले होते, पण आमच्या संगणकावरचा थर काही केल्या खऱ्यासारखा दिसेना. स्पंजासारखा पोकळ व्हायचा. शेवटच्या वर्षाचा एक मुलगा संध्याकाळी थांबून मला प्रोग्रॅम लिहायला मदत करायचा. एक दिवस तो म्हणाला, "सर, एसटी स्टँडवर बघा. एकटा माणूस फलाटावर येरझाऱ्या घालत असतो. बायकापोरं, बोचकी घेऊन आलेला एका जागी बसून राहतो. अणूचं तसंच असेल." म्हणजे अणूला शेजारी किती आहेत, त्यावर तो हलणार की नाही हे ठरवायचे. जगात असा नियम आधीपासून वापरात होता, पण तो त्याने वाचलेला नव्हता. त्याने स्टँडवर पाहिलेला होता. दोन आठवड्यांत त्याने अख्खा प्रोग्रॅम नव्याने लिहिला आणि पडद्यावर बेटे उमटली.

त्या कामावर शोधनिबंध निघाला. लेखक तीन होते: मी आणि माझे दोन सहकारी. त्या मुलाचे नाव शेवटच्या परिच्छेदात, आभारात होते. पदवीच्या मुलाचे नाव लेखक म्हणून घालायचे असते, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आले नाही. निदान मी स्वतःला इतकी वर्षे तसेच सांगत आलो.

निबंध कोणी लिहिला याला एवढे महत्त्व का, असे कोणी विचारेल. कारण पुढे सगळी मोजणी त्यावर चालते. यूजीन गारफिल्ड या अमेरिकन माणसाने १९६४ साली विज्ञानातील संदर्भांची सूची प्रसिद्ध केली. कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढच्या किती निबंधांनी केला, हे तीत पाहता येऊ लागले. पुढे २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक सुचवला. तुमचे दहा निबंध असे असतील, की प्रत्येकाला निदान दहा संदर्भ मिळाले आहेत, आणि अकरा निबंधांबाबत तसे म्हणता येत नसेल, तर तुमचा निर्देशांक दहा. सोपे माप असल्याने ते लगेच रुळले. पण त्यात निबंधावर नाव असलेल्या प्रत्येकाला पूर्ण श्रेय मिळते आणि आभारातल्या नावाला शून्य.

संदर्भांचेही बेटांसारखेच आहे. ज्याचे नाव आधी झाले, त्याच्याकडेच नवे संदर्भ जातात. पैशाकडे पैसा जातो म्हणतात, तसे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये यावर गाजलेला निबंध लिहिला. त्यातली बरीच सामग्री हॅरिएट झुकरमन या संशोधिकेच्या मुलाखतींतून आली होती. निबंधावर नाव मात्र एकट्या मर्टन यांचे होते. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले, की तो निबंध दोघांच्या नावाने यायला हवा होता. थोरामोठ्यांना जास्त श्रेय मिळते हे सांगणाऱ्या निबंधातच ते घडले होते.

थरांच्या सिम्युलेशनमागे जी पद्धत आहे, तिचीही कथा अशीच. फासे टाकून, ऊर्जेचा हिशेब करून अणूची हालचाल मान्य करायची की नाही हे ठरवण्याची रीत १९५३ च्या एका निबंधात आली. तिला सारे जग मेट्रोपोलिस यांची रीत म्हणते. निबंधाचे लेखक पाच: निकोलस मेट्रोपोलिस, ॲरियाना आणि मार्शल रोझेनब्लुथ हे पती-पत्नी, ऑगस्टा आणि एडवर्ड टेलर हे पती-पत्नी. मार्शल रोझेनब्लुथ यांनी २००३ मध्ये सांगितले, की मेट्रोपोलिस यांचा वाटा संगणकाचा वेळ मिळवून देण्यापुरता होता. प्रोग्रॅम लिहिला होता ॲरियानाबाईंनी. मग नाव मेट्रोपोलिस यांचे का? निबंधावरची नावे इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने आहेत आणि त्यात ते पहिले येतात, एवढेच. आपल्या वर्णमालेने नावे लावली असती, तर टेलर पहिले आले असते.

मग उपाय काय? जर्मनीतले मायकेल श्रायबर यांनी २००८ मध्ये सुचवले, की चार लेखकांचा निबंध प्रत्येकाच्या खात्यात पाव मोजावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत दोन लेखक असतील, तर प्रत्येकाला सत्तर टक्के गुण ठेवले आहेत. बेरीज केली तर एका निबंधाचे एकशे चाळीस टक्के होतात! मोठ्या प्रयोगांत तर पाव काय आणि सत्तर टक्के काय, काहीच चालत नाही. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरील २०१५ च्या निबंधाला ५१५४ लेखक होते. तेहतीस पानांपैकी चोवीस पाने नावे आणि संस्थांनीच भरली.

मला पटतो तो उपाय सांगलीकरांना सांगायला नको. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये इथेच 'सीतास्वयंवर' रंगवले. नाटकाच्या जाहिरातीत लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा अशी नावे वेगवेगळी असतात. पडदा ओढणाऱ्याला कोणी नाटककार म्हणत नाही आणि त्याला वगळतही नाही. विज्ञानातही आता अनेक नियतकालिके कामाचे चौदा प्रकार देतात: कल्पना कोणाची, प्रयोग कोणाचा, प्रोग्रॅम कोणाचा, पैसा कोणी आणला, मसुदा कोणी लिहिला. प्रत्येकापुढे नाव लिहायचे. यातून कोण मोठा हे ठरत नाही, पण कोणी काय केले हे तरी कळते.

निवृत्तीनंतर मी सांगलीत राहायला आलो. तो विद्यार्थी आता याच जिल्ह्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. एका लग्नात भेट झाली. मी धीर करून त्या निबंधाचा विषय काढला. तो हसून म्हणाला, "सर, तुम्ही आभार मानले होते की." तो मनापासून म्हणाला, म्हणून जास्त लागले. शिक्षक म्हणून अर्ज करताना त्याच्या हातात तो एक निबंध असता तर काय झाले असते, हे मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

छापलेला निबंध आता बदलत नाही. माझ्या निबंधांच्या यादीत त्या नोंदीपुढे मी पेनाने एक ओळ लिहिली आहे: हालचालीचा नियम आणि प्रोग्रॅम कोणाचा, ते. संदर्भ मोजणाऱ्या यंत्राला ती दिसणार नाही. हाताखाली मुले असलेल्या शिक्षकांना एवढेच सांगतो, की नावांचा विषय काम सुरू करतानाच काढा, निबंध छापायला जाताना नको. त्याचे नाव मला इथे घ्यायचे होते. आधी विचारले, तर म्हणाला, "रेडिओवर नको, सर. यादीत लिहिलंत, तेवढं पुरे."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)