रबरी बेडूक पाण्याखाली: मरळ धरायची दुसरी पद्धत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर देतोय. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युली" तेवढे कमी केलेत.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी: मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाव देवगाव फाटा, जिल्हा परभणी. फाट्यावरून एक रस्ता सेलूला जातो, एक जिंतूरला, एक मंठ्याला. सेलूच्या अंगाला दुधनेवरचं निम्न दुधना धरण, जिंतूरच्या अंगाला पूर्णेवरचं येलदरी. आणि मधे गावतळी, पाझर तलाव, शेततळी. पाऊसकाळ बरा झाला तर गळ टाकायला जागेची कमी नाही.

आजचा प्रश्न सोपा आहे. यूट्यूबवर अमेरिकेतले लोक मऊ प्लॅस्टिकचा बेडूक पाण्याखालून ओढून बास मासा धरताना दिसतात. आपल्याकडे हे चालतं का?

चालतं. फक्त मासा बदलायचा. आपल्या तळ्यात बास नाही, पण त्याच स्वभावाची मरळ आहे. दोघंही दबा धरून बसणारे. गवताच्या, पाणकणसाच्या, बुडालेल्या बेशरमीच्या कडेला गपचूप थांबायचं आणि समोरून काही गेलं की झडप घालायची. फरक एक, आणि तो मोठा आहे. बास कल्ल्यांनी श्वास घेतो. मरळीला कल्ले असतातच, पण डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठवायला वेगळी पोकळी असते. ठरावीक वेळाने तिला वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. वर येऊ दिलं नाही तर मरळ पाण्यातच गुदमरते. म्हणून उन्हाळ्यात पाणी आटून, तापून ज्या डबक्यात बाकी मासे टिकत नाहीत, तिथे मरळ टिकते. आणि म्हणूनच ती सापडते: शांत पाण्यावर मधेच "गुळुक" होऊन वलय उठलं तर ती बरेचदा तीच असते.

आता बेडूक. दुकानात दोन जातीचे मिळतात. पहिला पोकळ. आत हवा, म्हणून तरंगतो. गवतावरून, शेवाळावरून टुणटुण ओढायचा. आपल्याकडचे बहुतेक जण हाच वापरतात. दुसरा भरीव. आपण त्याला रबरी म्हणतो, पण हे असतं मऊ केलेलं पीव्हीसी. या मऊ प्लॅस्टिकची गोष्ट जुनी आहे. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात निक क्रीम नावाच्या माणसाने घरच्या घरी प्लॅस्टिक वितळवून साच्यात ओतलं आणि गांडूळ बनवलं. आजचे मऊ बेडूक त्याच कुळातले. भरीव बेडकात हवा नाही, त्यात लोखंडी गळ, त्यामुळे ओढणं थांबवलं की तो बुडतो. मागचे पाय पातळ आणि वळलेले असतात, त्यामुळे ओढताना फडफडतात आणि बुडतानाही थोडे हलतात.

लोक हा बुडणारा बेडूकसुद्धा भराभर रीळ फिरवून पाण्यावरूनच पळवतात. खरी कामाची गोष्ट त्याच्या बुडण्यात आहे. का, ते तीन मुद्द्यांत सांगतो.

पहिला मुद्दा, खरा बेडूक काय करतो? काठावर पाय वाजला की तो उडी मारतो, पाण्यात बुडी घेतो, दोन-तीन लाथा मारतो आणि तळाशी गाळात किंवा गवतात गप्प बसतो. तळं ओलांडून वरच्यावर पोहत जाणारा बेडूक तुम्ही किती वेळा पाहिलाय? मरळीने रोज पाहिलेला बेडूक हा बुडी मारणारा बेडूक आहे.

दुसरा मुद्दा, नजर. पाण्याखालून वर पाहिलं की बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश वाकतो, त्यामुळे ही खिडकी साधारण ९७ अंशांचीच असते. तिच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा वागतो. तरंगणारा बेडूक मरळीला काळ्या सावलीसारखा किंवा अर्धवट दिसतो. पाण्याखालचा बेडूक तिच्या पातळीत येतो आणि अख्खा दिसतो. म्हणून रंगाचा विचार पाण्याखाली जास्त कामाला येतो. गढूळ पाण्यात गडद, नितळ पाण्यात हिरवट-तपकिरी, एवढं सूत्र पुरे.

तिसरा मुद्दा, घास. मासा तोंड झटकन उघडतो तेव्हा पाण्याबरोबर भक्ष्य आत खेचलं जातं. भक्ष्य पृष्ठभागावर असेल तर पाण्याबरोबर हवाही ओढली जाते आणि खेच कमी पडते. शिवाय अंगावर धावून येणाऱ्या मरळीच्या पुढे पाण्याची लाट असते, ती हलका बेडूक बाजूला ढकलते. मोठ्ठा धपाका होतो, पाणी उडतं, आणि गळाला काहीच नाही! पाण्याखाली ही गडबड कमी होते.

आता जोडणी. मागे एका भागात "टेक्सास" पद्धत सांगितली होती, तीच. ४/० किंवा ५/० चा ऑफसेट गळ घ्या, म्हणजे मानेजवळ वाकवलेला. टोक बेडकाच्या नाकातून अर्धा सेंटिमीटर आत घालून खालून बाहेर काढा. गळ पूर्ण ओढून फिरवा, मान नाकात बसवा आणि टोक पोटातून पाठीवर आणा. टोक पाठीवर आडवं टेकलेलं ठेवा, उघडं नको. मग तो गवतात अडकत नाही. बेडूक सरळ बसला पाहिजे. वाकडा बसला तर ओढताना गिरक्या घेतो आणि दोऱ्याला पीळ पडतो. पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं ३ ते ५ ग्रॅमचं शिसं. गवत दाट असेल तर शिसं नकोच, गळाचं वजन पुरतं. दोरा ४० पाउंडाची ब्रेड. मरळीला दात असतात, म्हणून प्रत्येक माशानंतर शेवटची वीतभर ब्रेड बोटांनी चाचपा. खरखरीत लागली तर कापून पुन्हा गाठ मारा.

ओढायचं कसं? कोडच्या भाषेत सांगायचं तर तीन स्टेट आहेत: पोहणं, बुडणं, बसणं. गवताच्या पलीकडे फेका. गवतावरून पृष्ठभागावर आणा. मोकळी फट किंवा गवताची कड आली की रीळ थांबवा. बेडूक बुडू द्या, पण दोरा पूर्ण ढिला सोडू नका. मरळ बरेचदा इथेच घेते, आणि तो झटका नसतो. दोरा आडवा सरकतो, किंवा जेवढं बुडायला हवं त्याच्या आधीच थांबतो. तळाला टेकला तर तीन-चार सेकंद थांबा, मग रॉडच्या टोकाने दोन छोटे हिसके द्या आणि परत थांबा. घेतल्याचं कळलं की ढिला दोरा गुंडाळा आणि मग जोरात ओढा. तरंगत्या बेडकाला आपण एक-दोन सेकंद थांबून ओढतो, इथे तेवढं थांबू नका. नाहीतर ती थुंकून टाकते, किंवा गळ पार घशात जातो.

हे कधी करायचं? पोकळ बेडकावर धपाका झाला आणि मासा चुकला, तर त्याच जागी लगेच भरीव बेडूक टाकून बुडवा. हिवाळ्याच्या थंड सकाळी मरळ सुस्त असते, तेव्हा वर येऊन हल्ला करायला कंटाळते. भर दुपारी वरचं पाणी तापतं तेव्हा. आणि ज्या तळ्यावर सगळे पोकळ बेडूकच टाकतात, तिथे तर नक्की.

आता थोडं गंभीर. आपल्या भागात मरळीसाठी जिवंत बेडूक गळाला टोचायची पद्धत जुनी आहे. लोक सांगतात, "रबराला मासा लागत नाही रे, खराच लाव." पण बेडकाची आपल्याकडे आधीच एक वाईट गोष्ट घडून गेलीय. भारतातून बेडकांच्या तंगड्या हजारो टनांनी परदेशी जायच्या. मोठा पिवळा-हिरवा बेडूक, जो पहिल्या पावसात डरांव डरांव करतो, तो त्यातला मुख्य. १९८५ मध्ये त्याचं नाव सायटिस या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत गेलं आणि १९८७ मध्ये भारताने निर्यातच बंद केली. शेतातली कीड खाणारा प्राणी कमी होतोय, ही काळजी त्यामागे होती. कपाशी-सोयाबीनवाल्या आपल्या जिल्ह्याला हे वेगळं समजवायला नको. म्हणून मला ही पाण्याखालची पद्धत महत्त्वाची वाटते. जिवंत बेडकाचं बुडणं, लाथ मारणं, थबकणं प्लॅस्टिककडून करून घेता आलं, तर जिवंत बेडूक टोचायला कारणच उरत नाही.

पण प्लॅस्टिकचाही हिशेब आहे. हा बेडूक तळ्यात तुटून राहिला तर वर्षानुवर्षं कुजत नाही, आणि मासे तो गिळतात. फाटलेला बेडूक पाण्यात फेकू नका, खिशात टाका. पाच घेऊन गेलात तर पाच परत आणा. घरी ते मूळ पाकिटातच ठेवा. टणक प्लॅस्टिकच्या काही डब्यांत यातलं तेल डब्याला खातं आणि सगळा चिकट लगदा होतो.

शेवटची दोन बंधनं. पावसाळ्यात पाण्यावर लालसर-नारिंगी पिल्लांचा गोळा खदखदताना दिसला, तर तिथे बेडूक टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात आणि त्या रागात ते कशावरही तुटून पडतात. ती शिकार सोपी, पण राखणदार गेला की बाकीचे मासे पिल्लं संपवतात. आणि धरण असो की तलाव, मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांना विचारूनच काठावर बसा. त्यांचं पोट त्यावर आहे, आपला तो रविवार आहे.

तर हा भाग इथेच थांबवतो. बुडवून बघा, आणि दोरा कुठे थांबला ते मला व्हॉइस नोट करून सांगा. भेटू पुढच्या भागात. राम राम!